रबाळेची डीएससी लॅब: मशीन झकास, माणूस त्याहून झकास, रिपोर्ट वाचून मात्र डोक्याला हात

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. पहिला रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी लिहायला बसले असते तर दीड दिला असता, म्हणून मुद्दाम तीन आठवडे थांबले, राग गेला, दुसरा रिपोर्ट आला, आता लिहितेय. लॅबचं नाव टाकत नाहीये, कारण तिथल्या ज्या माणसाने मला खरंच मदत केली त्याला उगाच वरून ओरडा बसायला नको, आणि तसंही नवी मुंबईच्या रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात अशा टेस्टिंग लॅब खूप आहेत, हा अनुभव तुम्हाला त्यातल्या कुठेही येऊ शकतो.

आधी मी काय घेऊन गेले होते ते सांगते नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मी पीएचडी करतेय, राहते ठाण्यात, आमच्या कॉलेजचं डीएससी मशीन, म्हणजे सॅम्पल ठराविक वेगाने गरम-थंड करून ते किती उष्णता घेतं-सोडतं ते मोजणारं, मार्चपासून बंद पडलंय (सर्व्हिस इंजिनिअर येतो, बघतो, पार्ट मागवतो, जातो). माझं सॅम्पल म्हणजे ब्लॉक कोपॉलिमर. दोन वेगवेगळ्या पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक लावून एकत्र जोडलेल्या, एक पॉलिस्टायरीन आणि दुसरा पॉलिइथिलीन ऑक्साइड, ज्याला सगळे पीईओ म्हणतात. या दोघांचं आपसात अजिबात पटत नाही, पण जोडलेले असल्यामुळे वेगळंही होता येत नाही, म्हणजे घटस्फोट नाही आणि वन बीएचके सोडता येत नाही अशातली गत. मग ते काय करतात तर त्याच घरात आपापले कोपरे धरतात. हे कोपरे साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरचे असतात, आणि त्यांचा आकार कोणाचा वाटा किती यावर ठरतो. दोघं निम्मे निम्मे असतील तर थरावर थर, एकाचा वाटा कमी झाला की नळ्या, अगदीच कमी झाला की सुटे सुटे गोळे. थर आणि नळ्यांच्या मधे जायरॉइड नावाचं एक जाळंही येतं, ते मला अजून बनवायला जमलेलं नाही.

माझ्या सॅम्पलमध्ये पीईओ वजनाने फक्त १३ टक्के, म्हणजे गोळेवाला प्रकार. पॉलिस्टायरीनच्या समुद्रात पीईओचे २० नॅनोमीटरच्या आसपासचे गोळे. एक्सरे स्कॅटरिंग (आतली रचना बघायची टेस्ट) आधीच दुसरीकडे करून झालं होतं, शिखरं एकास वर्गमूळ दोनास वर्गमूळ तीन अशी बसत होती, त्यामुळे गोळ्यांबद्दल शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की या इवल्याशा गोळ्यांच्या आत पीईओचं स्फटिक बनतं का आणि बनत असेल तर किती तापमानाला. पीईओला स्फटिक व्हायला भयंकर आवडतं, साधा पीईओ वितळवून थंड करा, मिनिटाला १० डिग्रीने, की चाळीस-पंचेचाळीसला तो पटकन जमतो. पॉलिस्टायरीनला स्फटिक होणं माहीतच नाही, ते शंभरच्या आसपास काचेसारखं कडक होतं आणि तसंच बसून राहतं. म्हणजे पीईओला जमायची इच्छा होते तोवर भोवतीच्या भिंती सिमेंटसारख्या पक्क्या झालेल्या असतात. आमच्या ग्रुपमध्ये लोक लिथियम बॅटरीसाठी पीईओवाले इलेक्ट्रोलाइट करतात आणि त्यांना स्फटिक नकोच असतं, कारण लिथियमचे आयन मुख्यतः न जमलेल्या, मोकळ्या पीईओमधून फिरतात. माझे गोळे सुटे आहेत, एकातून दुसऱ्यात आयन जाणार कसे, त्यामुळे बॅटरीला त्यांचा काही उपयोग नाही, हे फक्त समजून घेण्यासाठीचं मॉडेल सॅम्पल आहे. पण आहे महाग, बाहेरून मागवलेलं, एकूण एक ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभरच हो.

तर लॅब. बुकिंग मेलवरून झालं, कोटेशन त्याच दिवशी आलं (चांगली गोष्ट), दर ठीकठाक, वर १८ टक्के जीएसटी. मेलची सुरुवात "डिअर सर" अशी, मी दोनदा खाली पूर्ण नाव लिहिलं तरी शेवटपर्यंत मी सरच राहिले. सॅम्पल कुरिअरने पाठवा म्हणाले, पण माझी हिंमत झाली नाही, म्हटलं स्वतः नेऊन देते. आदल्या रात्री कॉलेजच्या फ्रीझरमधून कुपी काढून घरी आणली आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून आमच्या फ्रीझरमध्ये मटारांच्या मागे ठेवली. आईने सकाळी विचारलं हे काय गं, मी म्हटलं प्लास्टिक आहे, ती म्हणाली प्लास्टिक फ्रीजमध्ये कशाला ठेवतात. (कोणी हे करू नका प्लीज, मी केलं, चुकलं.) कॉलेजचा तो फ्रीझर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडली, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, तिसरं स्टेशन, वीस मिनिटांचाही प्रवास नाही. स्टेशनवरून एमआयडीसीत शेअर रिक्षा मिळते पण रस्ता असा की कुपी मी छातीशी धरून बसले होते. गेटवर रजिस्टर, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, मग रिसेप्शन. एसी जोरात, पाणी मिळालं, वॉशरूम स्वच्छ, पार्किंगचं माहीत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने एक फॉर्म दिला, त्यात सॅम्पलचं नाव, टेस्टचं नाव, विषारी आहे का, परत हवं का, आणि तापमानाच्या रकान्यात दोन चौकटी, "स्टँडर्ड" आणि "कस्टमरने दिल्याप्रमाणे". मी गडबडीत होते, मागे कोणीतरी पेंटचे डबे घेऊन उभं होतं, मी स्टँडर्डवर टिक केली. अर्धा स्टार मी इथे स्वतःचाच कापते.

पाच दिवसांत रिपोर्ट आला, दिलेल्या तारखेला, सही-शिक्क्यासकट पीडीएफ, बेसलाइन सरळ, इंडियम धातू वितळवून मशीन तपासल्याचा (कॅलिब्रेशनचा) आलेख सोबत जोडलेला, १५६.६ डिग्रीला बरोबर. मशीनबद्दल मला एका शब्दाची तक्रार नाही. आता आकडे बघा. पहिल्या हीटिंगमध्ये ४९ डिग्रीला छोटंसं वितळण्याचं शिखर, ९६ ला पॉलिस्टायरीनची पायरी (ते कडकचं मऊ होतं ती जागा). कूलिंगमध्ये ती पायरी सोडून काहीच नाही, सपाट. दुसऱ्या हीटिंगमध्ये ९६ ची पायरी आहे, पण वितळण्याचं शिखर गायब! आणि खाली रिमार्क: "सॅम्पल पहिल्या हीटिंगदरम्यान डिग्रेड झाल्याचे दिसते."

डोकंच फिरलं. डिग्रेड? नायट्रोजनमध्ये, दीडशे डिग्रीपर्यंत, काही मिनिटांसाठी? आणि डिग्रेड झालं असेल तर ९६ ची पायरी दोन्ही वेळा जिथल्या तिथे कशी? माझ्या गाईड सरांना दाखवलं तर ते उलट खूश, म्हणाले "अरे वा, स्फटिकच बनत नाहीये, अमॉर्फस आहे, बॅटरीवाल्यांना सांगायला पाहिजे." मी म्हटलं सर पण मग पहिल्या हीटिंगला वितळलं काय? सर म्हणाले बघ तू.

मग मी कूलिंगचा आलेख झूम करून बघितला तर तो २५ डिग्रीला संपत होता. स्टँडर्ड म्हणजे पंचवीस ते दीडशे, परत पंचवीस, परत दीडशे. साध्या पीईओला हे पुरतं, तो बिचारा चाळीसलाच जमून मोकळा होतो. माझ्या गोळ्यांचं तसं नाही, आणि का नाही ते थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळी गडबड इथेच आहे आणि लॅबमध्ये हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दही लावायचं म्हटलं की पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, एका जागी सुरुवात झाली की सगळं पातेलं लागतं. पॉलिमरचंही तसंच असतं, धुळीचा कण, कॅटॅलिस्टचा उरलासुरला कचरा, असं काहीतरी विरजण म्हणून काम करतं, तिथे पहिलं स्फटिक धरतं आणि तिथून वाढत वाढत सगळा माल जमतो. आता तेच पातेलं कोटी कोटी वाट्यांमध्ये ओता, वाट्या एवढ्या की विरजणाचे कण कमी पडतील. ज्या वाटीत कण गेला ती लागेल, बाकीच्या दुधाच्या दूधच. हिशोब करून बघा, २० नॅनोमीटरचे गोळे, १२-१३ टक्के जागा त्यांची, म्हणजे एका घनसेंटीमीटरमध्ये एकावर सोळा शून्यं एवढे गोळे होतात. आणि त्यातले कचऱ्याचे कण अगदी शंभर कोटी धरले तरी एक कोटी गोळ्यांमागे एक कण. बाकीच्यांना विरजणाशिवायच, स्वतःहून जमावं लागतं, आणि स्वतःहून जमायचं तर नुसतं थंड करून भागत नाही, भयंकर थंड करावं लागतं. पाण्याचंही हेच, फ्रीजमधलं पाणी शून्याच्या जरा खाली बर्फ होतं, पण स्वच्छ पाण्याचे अगदी बारीक थेंब केले तर ते उणे ३८ च्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात. पॉलिइथिलीनच्या थेंबांवर असा प्रयोग १९६२ सालीच झालाय, टर्नबुल वगैरे मंडळींनी केलेला. आणि ब्लॉक कोपॉलिमरच्या २५ नॅनोमीटरच्या गोळ्यांत पॉलिइथिलीन कसं जमतं ते लू, रजिस्टर आणि रायन यांनी २००० साली दाखवलं. तेव्हा हे काही नवीन नाही, पण रबाळ्याच्या स्टँडर्ड प्रोग्रॅमला हे कोण सांगणार.

म्हणजे माझा पीईओ जमणार होता तो शून्याच्या कितीतरी खाली, आणि मशीन २५ लाच माघारी फिरलं. शिखर आलं नाही कारण तिथपर्यंत कोणी गेलंच नाही. कूलिंगमध्ये काही जमलं नाही म्हणून दुसऱ्या हीटिंगला वितळायला काही शिल्लकच नव्हतं. आणि पहिल्या हीटिंगला ४९ ला जे वितळलं ते काय? तो फ्रीझर! कॉलेजच्या फ्रीझरमध्ये उणे २० ला ही कुपी दोन महिने पडून होती, उणे २० ला गोळे पटापट जमत नसतील पण दोन महिन्यांत एकेक करत जमले, आणि एकदा जमलेलं ४९ शिवाय वितळत नाही, म्हणून रबाळ्याच्या उन्हातून नेलं तरी तसंच राहिलं. एका वेळेला माझं सॅम्पल खोलीच्या तापमानाला स्फटिक होतं आणि दीडशेपर्यंत जाऊन आल्यावर त्याच खोलीच्या तापमानाला द्रव होतं, दोन्ही खरं. (द्रव म्हणजे गोळ्यांच्या आतलं हां, बाहेरचं पॉलिस्टायरीन कडकच.) हे सगळं मला सुचलं ते रात्री साडेअकराला भांडी घासताना, तशीच ओल्या हाताने सरांना मेसेज टाकला.

दुसऱ्या दिवशी लॅबला फोन. रिसेप्शन म्हणे रिपोर्ट बदलता येणार नाही, परत टेस्ट करायची असेल तर नवीन पैसे. टेक्निकल मॅनेजर म्हणवणारे एक सर फोनवर आले आणि त्यांनी मला पीईओ स्टँडर्डला कसा नीट चालतो ते दहा मिनिटं समजावलं, मी म्हटलं सर हा पीईओ कोंडलेला आहे, तर म्हणाले "मॅडम, मटेरियल तेच असतं ना." इथे एक पूर्ण स्टार गेला. मटेरियल तेच असतं हो, पण कोंडल्यावर वागणं बदलतं, माझा अख्खा थीसिस त्याच एका गोष्टीवर आहे.

सुटका केली ती मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर दादांनी. त्यांचा फोन स्वतःहून आला, म्हणाले ताई तुम्हाला किती खाली जायचंय? मी म्हटलं उणे ७० तरी. म्हणाले मग ते जुन्या मशीनवर होणारच नाही, आपल्याकडे दुसरं आहे कूलिंग अटॅचमेंटवालं, ते उणे ९० पर्यंत जातं, फॉर्मवर कोणी लिहीतच नाही म्हणून स्टँडर्ड सगळं जुन्यावर जातं. गुरुवारी या, मशीन रिकामं असतं, समोर बसून करू.

तर गुरुवारी परत नऊ-दहा नंबर, परत रबाळे. जुलै, धो धो पाऊस, एमआयडीसीच्या रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी. दादांनी सॅम्पल बनवताना बघणं हा अर्धा तास मला सगळ्यात आवडला. चिमट्याने अॅल्युमिनियमचं पॅन, वाटाण्याएवढं, उचललं, वजनकाट्यावर ठेवलं, माझ्या पांढऱ्या चुऱ्यातले दोन-तीन कण टाकले, काटा ५.१ मिलिग्रॅम, झाकण ठेवलं, प्रेसमध्ये कट् करून बंद केलं, मग पॅन उलटं करून बूड सपाट आहे ना ते उजेडाकडे धरून बघितलं. म्हणाले बूड वाकडं असेल तर पीक, म्हणजे शिखर, पसरतं. हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ५.१ मिलिग्रॅममध्ये १३ टक्के पीईओ, म्हणजे पाऊण मिलिग्रॅमही नाही, तेवढ्याचीच उष्णता आम्ही शोधत होतो, त्यात पावसाळा. पीईओ हवेतलं पाणी ओढतो आणि शून्याखाली गेलं की त्या पाण्याचा बर्फ वेगळंच शिखर दाखवतो, म्हणून आधी ते वरच्या तापमानाला थोडा वेळ नायट्रोजनमध्ये ठेवलं.

मग कूलिंग सुरू. मिनिटाला १० डिग्री, स्क्रीनवर रेघ उजवीकडून डावीकडे सरकतेय. ९६ ला पायरी आली गेली. ४५, सपाट. २५, सपाट, इथे आधीचा रिपोर्ट संपला होता. शून्य, सपाट. उणे १०. उणे २०, काही नाही. दादा म्हणाले ताई काही येत नाही, मी काहीच बोलले नाही, खरं सांगायचं तर मला पण घाम फुटला होता एसीत, म्हटलं चुकलंच माझं सगळं. उणे २७ ला रेघ जराशी उचलली. मग सरळ वर, टोकदार, आणि उणे ३१ ला शिखर! दादा म्हणाले "अरेच्चा, हे तर लपून बसलं होतं." नंतरच्या हीटिंगला ४६ डिग्रीला वितळलं, फ्रीझरवालं ४९ ला वितळलं होतं, ते बरोबरच आहे, जास्त थंडीत घाईघाईने बनलेले स्फटिक पातळ असतात आणि पातळ स्फटिक लवकर वितळतात. साधा पीईओ पासष्टच्या आसपास वितळतो, त्यापुढे हे दोघंही किरकोळच.

खरी मजा पुढे. मला बघायचं होतं की हे गोळे एकमेकांना न विचारता जमतात का. पातेल्यातल्या मालात स्फटिक आधी हळू सुरू होतं, मग वाढत सुटतं, मग जागा संपते म्हणून मंद होतं, आलेख इंग्रजी एस सारखा. सुटे गोळे म्हणजे कढईतल्या लाह्या, एक फुटली म्हणून शेजारची फुटत नाही, प्रत्येकीची आपली वेळ. उरलेल्या गोळ्यांपैकी ठराविक हिस्सा दर मिनिटाला जमतो, किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखं. हे मोजायला साधा उपाय म्हणजे एका तापमानाला धरून ठेवा आणि उष्णता निघताना बघा, पण दादांनीच सांगितलं की इथे ते चालणार नाही, कारण सर्वात जास्त उष्णता सुरुवातीलाच निघणार आणि नेमकी ती सुरुवात मशीन सेटल होण्यात जाते. मग आम्ही उलटं केलं. उणे २६ ला पाच मिनिटं धरायचं, आणखी खाली न नेता तिथूनच थेट गरम करायचं आणि किती वितळलं ते मोजायचं. मग तेच दहा मिनिटं, वीस, चाळीस. दहा मिनिटांना साधारण निम्मं, विसाला पाऊण, चाळिसाला जवळजवळ सगळं! पाच मिनिटांचा पॉइंट तीसच्या जरा खाली. मी वहीत हाताने काढलं तर लॉगच्या कागदावर सरळ रेघ, म्हणजे लाह्यांसारखंच, प्रत्येक गोळा आपापला जमत होता. चार रनचे पैसे दादांनी वरच्यांशी बोलून दोनचे करून दिले, त्यांच्या जेवणाची सुट्टी माझ्यामुळे गेली, मी खालून वडापाव आणला तर म्हणाले मशीनरूममध्ये खाणं चालत नाही, बाहेर जिन्यात उभं राहून खाल्ला.

आता उरलेली तक्रार. सुधारित रिपोर्ट आला, आलेख सगळे बरोबर, डिग्रेडवाला रिमार्क काढलेला, पण स्फटिकाचं प्रमाण किती, तर ५.२ टक्के. हे कुठून आलं? वितळण्याची उष्णता ग्रॅममागे १०.२ ज्यूल, त्याला पूर्ण स्फटिक पीईओच्या १९७ ने भागलं, झाले ५.२. पण ते ग्रॅम कोणाचं? अख्ख्या सॅम्पलचं, ज्यात ८७ टक्के पॉलिस्टायरीन आहे जे कधी स्फटिक होतच नाही. आधी १०.२ ला ०.१३ ने भागायला हवं, येतात ७८.५, मग १९७ ने, म्हणजे जवळजवळ ४० टक्के. पाच आणि चाळीस, केवढा फरक! मेल केला, उत्तर आलं "डिअर सर, सॉफ्टवेअरप्रमाणे व्हॅल्यू योग्य आहे." परत मेल केला, ०.१३ चा हिशोब लिहून, त्याला उत्तर नाही. थीसिसमध्ये मी माझा आकडा घालणार, पण ज्याला हिशोब माहीत नाही असा कोणी बॅच पास-नापास करायला हा रिपोर्ट वापरत असेल तर अवघड आहे.

तुम्ही जाणार असाल तर जा, खरंच जा, पण फॉर्मवर स्टँडर्डला टिक करू नका, किती खाली जायचं, किती वेगाने, कुठे किती वेळ थांबायचं हे कागदावर स्वतः लिहून न्या आणि कूलिंग अटॅचमेंटवालं मशीन हवं असं वर ठळक लिहा. पहिल्या हीटिंगचा डेटा मागाच, बरेच जण फक्त दुसरीचा देतात, माझ्याकडे पहिली नसती तर फ्रीझरचा पत्ता लागलाच नसता आणि मी सरांबरोबर अमॉर्फस अमॉर्फस करत बसले असते. सॅम्पल त्याआधी कुठे कसं ठेवलं होतं ते पण लिहून ठेवा, मटारांसकट. आणि नुसता डीएससीचा आकडा बघून गोळे शाबूत आहेत असं समजू नका. भिंती मऊ असतील आणि दोन पॉलिमरमधलं वैर कमी असेल तर स्फटिक भिंत फोडून बाहेर येतं आणि मुळातली गोळ्या-नळ्यांची रचनाच मोडून टाकतं. वर सांगितलेल्या लू, रजिस्टर, रायन यांनीच २००२ मध्ये याचे तीन प्रकार पाडलेत, भिंत फोडून जमणारं, साच्याचा आकार बरंच धरून पण मधेमधे मोडतोड करत जमणारं आणि गुपचूप आतच जमणारं. माझं तिसरं आहे, ते मी नंतर परत एक्सरे करून बघितलं, पहिलं शिखर जमण्याआधी जिथे होतं तिथेच नंतरही. ही सोय त्या लॅबमध्ये नाही, कोटेशनवर मात्र "कम्प्लीट पॉलिमर सोल्युशन" छापलंय.

पैसे यूपीआयने घेतात, पावती लगेच, उरलेलं सॅम्पल परत दिलं ते नीट लेबल लावून, ही पण चांगली गोष्ट, एका दुसऱ्या ठिकाणी माझं उरलेलं सॅम्पल टाकून दिलं होतं.

पुढच्या महिन्यात थरांवालं सॅम्पल घेऊन जातेय, निम्मं निम्मं. त्यात थर लांबच लांब पसरलेले असतात, एका कणाचं विरजण खूप दूरपर्यंत पुरतं, त्यामुळे ते एवढं खाली जाणार नाही असा माझा अंदाज. पण तिथे वेगळीच भानगड आहे, कोणत्या तापमानाला जमवलं त्यावर साखळ्या थराला आडव्या राहतात की उभ्या ते ठरतं, अमेरिकेतल्या अक्रन विद्यापीठातल्या स्टीफन चेंग यांच्या ग्रुपने २००० मध्ये नेमकं याच दोन पॉलिमरच्या जोडीवर ते दाखवलंय. दादांना फोन केला तर म्हणाले गुरुवारीच या ताई, आणि यावेळी फॉर्म घरूनच भरून आणा, रिसेप्शनला पेंटवाल्यांची गर्दी असते.